तरुण संघातल्या ताई-दादांचे आभार कसे मानावेत: पहिल्यांदाच ही जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

चर्चच्या तरुण संघाचं काम नुकतंच तुमच्याकडे आलं असेल आणि पाळकसाहेब सहज म्हणाले असतील, "यंदा आपल्या ताई-दादांचं काहीतरी कौतुक करायला हवं, जरा बघा," तर हा लेख तुमच्यासाठी आहे. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी नऊ वर्षं हे काम पाहिलं. आमच्याकडे आठवी ते बारावीची चाळीसेक मुलं आणि त्यांना सांभाळणारे बारा-तेरा जण. कोणी बँकेत, कोणी नर्स, कोणी कॉलेजात शिकणारा. पगार कोणालाच नाही.

माझी चूक आधी सांगते. दुसऱ्या वर्षी युवा रविवारी आम्ही अकरा जणांना पुढे बोलावलं, गुलाब दिले, नावं वाचली, टाळ्या झाल्या. बारावं नाव राहिलं. ही ताई सहा वर्षं दर शनिवारी संध्याकाळी आठवी-नववीच्या मुलींचा शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा अभ्यास, घ्यायची, तोही स्वतःच्या घरी, त्यामुळे चर्चच्या आवारात तिचं काम कोणाला दिसत नसे. त्या दिवशी ती मागच्या बाकावर बसून बाकीच्यांसाठी टाळ्या वाजवत होती. पुढच्या शनिवारी तिने नेहमीसारखा वर्ग घेतला. जूनमध्ये मात्र म्हणाली, "यंदा नाही जमणार." सासूबाईंचं आजारपण हे कारण खरंच होतं. पण त्याआधीही सासूबाई आजारी असायच्या आणि वर्ग चालायचा, हे मला ठाऊक होतं.

त्या मुलींपैकी दोघी पुढे तरुण संघात आल्याच नाहीत. हे लिहिताना अजूनही आत कुठेतरी दुखतं.

तेव्हापासून मी आभाराकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. समोरच्याने नेमकं काय केलं हे आपल्याला माहीत आहे, एवढं त्याला कळलं पाहिजे. ते माहीतच नसेल तर गुलाब देऊन काय होणार? म्हणून या लेखातलं बरंचसं काम कार्यक्रमाच्या कितीतरी आधीचं आहे.

(कॅथलिक वाचकांनी पाळकांच्या जागी फादर आणि कमिटीच्या जागी पॅरिश कौन्सिल असं वाचावं. वसईकडच्या माझ्या मैत्रिणीशी बोलताना जाणवतं की अडचणी अगदी त्याच आहेत.)

आधी हे जमवून ठेवा

- एक जाड वही. फोनमध्येही चालेल, पण वही पुढच्या माणसाच्या हातात देता येते.
- तरुण संघाच्या सगळ्या मुलांची यादी, आईवडिलांच्या नंबरांसह.
- साधी पाकिटं आणि कोरे कागद. छापील कार्डं नकोत, कारण पुढे येतं.
- व्हाउचरचं पुस्तक आणि खर्चाच्या पावत्या ठेवायला एक फाइल.
- मुलांचे फोटो काढायचे किंवा दाखवायचे असतील तर पालकांच्या सहीचं संमतीपत्र.
- पास्टरेट, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या, कमिटीच्या सभेचा ठराव: तारीख, रक्कम, कोणाकडे जबाबदारी.

१. यादी करा, आणि ती एकट्याने करू नका

माझं बारावं नाव राहिलं, कारण यादी मी एकटीने, माझ्या आठवणीतून केली होती. आपल्याला आपल्यासमोर काम करणारेच आठवतात. गिटार वाजवणारा दादा आठवतो, शिबिरात माइक धरणारी ताई आठवते. दहावीच्या निकालादिवशी नापास झालेल्या मुलाच्या घरी जाऊन दोन तास गप्प बसणारा आठवत नाही, कारण तिथे आपण नव्हतो.

यादी तीन ठिकाणांहून गोळा करा. पहिलं ठिकाण म्हणजे मुलं. त्यांना "तुमचे लीडर कोण?" असं विचारलं तर ती तुमचीच यादी परत म्हणून दाखवतील. त्याऐवजी विचारा: "घरी भांडण झालं तर चर्चमधल्या कोणाला फोन करशील?" आमच्याकडे या एका प्रश्नावर एका आजोबांचं नाव पाच मुलांनी घेतलं. ते कुठल्याही समितीवर नव्हते. क्रिकेटनंतर मुलं त्यांच्या ओट्यावर पाणी प्यायला थांबायची, एवढंच आम्हाला माहीत होतं.

दुसरं ठिकाण पालक, विशेषतः आया. शिबिरानंतर मुलाला रात्री अकराला कोणी घरी सोडलं, फी भरायला कोणी गुपचूप मदत केली, हे आयांना माहीत असतं. तिसरं ठिकाण चर्चचे शिपाईकाका. कोण आधी येतं आणि कोण खुर्च्या रचून सगळ्यात शेवटी जातं, हे त्यांच्याइतकं कोणीच सांगू शकणार नाही.

स्वयंपाक करणाऱ्यांची, घर उघडं ठेवणाऱ्यांची नावं यादीत आवर्जून घाला. आम्हा नगरकरांना याचं एक जुनं उदाहरण आहे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात गाजलेला सतरा वर्षांचा त्र्यंबक ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, पुढे नगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी राहिले. टिळक त्यांच्या कवितेचे मार्गदर्शक. पण त्या घरात त्यांना पोटच्या मुलासारखं सांभाळलं लक्ष्मीबाईंनी. हे आज आपल्याला इतक्या जवळून कळतं, कारण लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणी स्वतः लिहून ठेवल्या. तुमच्या मंडळीतल्या लक्ष्मीबाई लिहिणार नाहीत. त्यांच्याबद्दल तुम्हालाच लिहावं लागेल.

२. वर्षभर वहीत नोंद ठेवा

प्रत्येक ताई-दादासाठी एक पान. महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी म्हणा किंवा पहिल्या रविवारी, पंधरा मिनिटं काढा आणि प्रत्येकाच्या पानावर एक ओळ लिहा. "चांगलं काम करतो" ही ओळ नव्हे. तारीख, मूल, घडलेली गोष्ट. माझ्या वहीतल्या ओळी अशा आहेत: "ऑगस्ट. पावसात तिघांना दोन फेऱ्या करून स्कूटरवर सोडलं." "ऑक्टोबर. नव्या मुलाला कोणी बोलत नव्हतं, त्याला पेटी वाजवायला बसवलं." "जानेवारी. नोकरीची मुलाखत होती तरी शनिवारचा वर्ग चुकवला नाही."

एखाद्याच्या पानावर तीन महिने काहीच लिहिता आलं नाही, तर तो काम करत नाही असं लगेच समजू नका. तुम्ही त्याच्या वर्गात बरेच दिवस डोकावला नाहीत, असंही असेल. जा, मागे बसा, पाहा.

मुलांनी विश्वासाने सांगितलेलं, घरातलं दारूचं व्यसन, प्रेमप्रकरण, आजार, या वहीत येता कामा नये. वही कधीतरी दुसऱ्याच्या हातात जाणार आहे.

३. पाळक आणि कमिटीशी बोला

इथे तुम्हाला एक वाक्य हमखास ऐकायला मिळेल: "सेवा प्रभूसाठी आहे, माणसांच्या टाळ्यांसाठी नाही." बोलणारे बहुधा ज्येष्ठ, मनाने सरळ. उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू देऊ नये हे प्रभूचं शिक्षण त्यांच्या मनात असतं. त्यांच्याशी वाद घालू नका. जो देतो त्याच्यासाठी ते शिक्षण आहे, आणि ते खरंच आहे. पाहणाऱ्याने काय करावं हे समजायला बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उघडा आणि सभेत शांतपणे वाचून दाखवा.

हा अध्याय आपण नावांची यादी म्हणून ओलांडून जातो. पण हे पत्र लिहिणारा पौल तिथे नुसती नावं घेत नाही. फिबीने पुष्कळांना आणि त्यालाही साहाय्य केलं, प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला, त्यांच्या घरात मंडळी जमते, पर्सिसने फार श्रम केले, रूफाची आई त्याचीही आई झाली. एकेका माणसाचं एकेक काम सांगतो. आमच्या कमिटीत हा अध्याय वाचून झाल्यावर सगळ्यात कडक विरोध करणारे वडीलच म्हणाले, "मग आपणही असंच करू, नावापुढे काम सांगू." त्या दिवशी ठराव एकमताने झाला.

सभेतून तीन गोष्टी लेखी घेऊन या: तारीख, रक्कम आणि उपासनेत किती मिनिटं मिळणार. तोंडी होकारावर विसंबलात तर त्या रविवारी ऐनवेळी पाहुणे वक्ते येतात आणि तुमची सात मिनिटं सूचनांच्या शेवटी दीड मिनिटात उरकली जातात.

४. आधी त्यांचा खर्च परत करा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि बहुतेक मंडळ्या हिचा विचारच करत नाहीत.

आमचा एक दादा दर शनिवारी मुलांना वडापाव खाऊ घालायचा. आम्ही कौतुकाने म्हणायचो, किती मनाचा मोठा. वर्षाच्या शेवटी मी सहज हिशेब केला. दहा-बारा मुलं, महिन्यातून चार शनिवार. तेव्हा तो कुरिअर कंपनीत डिलिव्हरी करत होता. रक्कम पाहून मला लाज वाटली. शिवाय पेट्रोल, झेरॉक्स, फोनचा रिचार्ज. त्याने कधीच मागितले नसते, आणि आम्ही त्याला जूनमध्ये स्मृतिचिन्ह देऊन मोकळे झालो असतो.

म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच तरुण संघासाठी कमिटीकडून एक रक्कम मंजूर करून घ्या आणि प्रत्येक ताई-दादाला स्वतः जाऊन सांगा: खाऊ, प्रवास, छपाई यांचे पैसे मिळतील, पावती नसेल तर साध्या व्हाउचरवर सही पुरेल. दर महिन्याला तुम्हीच विचारा. मागायला त्यांना संकोच वाटतो. मार्चअखेर हिशेब बंद होतो, म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात एकदा सगळ्यांना फोन करा. ज्याला पैसे नकोच असतील त्याचं अर्पण म्हणून रीतसर पावती करा, म्हणजे त्याने दिलेलं कुठेतरी नोंदलं जातं.

सेवेत पैसे कसले, असं कोणी म्हणालं तर सांगा: १७८० साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स यांनी रविवारची शाळा सुरू केली, तेव्हा शिकवणाऱ्या बायकांना मेहनताना दिला जात होता. विनामोबदला शिकवण्याची रीत नंतर रुळली. आणि आपण तर मेहनताना देतच नाही, त्यांच्याच खिशातून गेलेले परत करतो आहोत.

५. मुलांकडून पत्रं लिहून घ्या

ताई-दादांकडे वर्षानुवर्षं जपून राहतं ते हेच. मला मिळालेली अशी पत्रं अजून माझ्या बायबलमध्ये आहेत.

कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी सुरू करा. मुलांना नुसतं "आभाराचं पत्र लिहा" म्हणालात की "प्रिय ताई, तुम्ही खूप चांगल्या आहात, देव तुम्हाला आशीर्वाद देवो" एवढंच लिहून देतील, चाळीसच्या चाळीस. छापील कार्डं दिलीत तर सही करून मोकळी होतील. कोरा कागद द्या आणि फळ्यावर प्रश्न लिहा:

- ताई किंवा दादा तुझ्यासाठी कधी थांबले?
- त्यांनी सांगितलेली कोणती गोष्ट तुला अजून आठवते?
- त्यांच्यामुळे तू कोणती गोष्ट करायला लागलास, किंवा सोडलीस?

दोन-तीन ओळी पुरेत. स्पेलिंग, शुद्धलेखन तपासू नका. ज्याला लिहायला आवडत नाही त्याला चित्र काढू द्या. इंग्रजी माध्यमाची मुलं इंग्रजीत लिहितील, लिहू द्या.

वेळ द्यायला विसरू नका. पहिली दहा मिनिटं मुलं खिदळतात, एकमेकांच्या कागदात डोकावतात. मग हळूहळू शांत होतात. आमच्याकडे नववीतला एक मुलगा, वर्गात सगळ्यात जास्त त्रास देणारा, सगळे उठल्यावरही लिहीत बसला होता. त्याने चारच ओळी लिहिल्या होत्या. त्या मी इथे लिहिणार नाही, पण ज्या दादाला त्या मिळाल्या तो तरुण संघ सोडायच्या विचारात होता आणि पुढे चार वर्षं राहिला.

पत्रं पाकिटात घालण्यापूर्वी तुम्ही स्वतः एकदा वाचा, आणि हे मुलांना आधीच सांगून ठेवा. दोन कारणं आहेत. एखादं चेष्टेचं वाक्य कोणाला लागू शकतं. आणि क्वचित एखाद्या पत्रात असं काही असतं की ते मोठ्या माणसाला सांगायलाच मुलाने ही संधी घेतलेली असते. मुलाला कुठे त्रास होत असल्याचं दिसलं तर पत्र बाजूला ठेवा आणि आधी त्याच्याकडे लक्ष द्या.

कोणालाही पत्राविना ठेवू नका. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी पाकिटं मोजा. काही जण मुलांचे लाडके असतात, त्यांना वीस पत्रं येतात, हिशेब सांभाळणाऱ्या ताईला एकही येत नाही. अशा वेळी मुलांना खोटं लिहायला लावू नका. ती ताई काय करते ते मुलांना समजावून सांगा. शिबिराची बस कशी ठरते, पैसे कुठून येतात, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. कळल्यावर ती आपणहून लिहितात.

६. दिवस ठरवा

फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा, त्याच सुमारास लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे, चाळीस दिवस आणि पवित्र आठवडा. नको. ५ डिसेंबर हा संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक दिन आहे, कागदावर अगदी योग्य दिसतो, पण तेव्हा नाताळच्या कॅरलगीतांच्या फेऱ्यांचं नियोजन सुरू असतं आणि ज्यांचे आभार मानायचे तेच सगळ्यात दमलेले असतात. एका वर्षी आम्ही तो दिवस धरला आणि निम्मे जण स्टार बांधायला गेले होते.

मला दोन वेळा योग्य वाटतात. एक, उन्हाळी शिबिर आणि सुट्टीतली शास्त्रशाळा संपल्यावर, शाळा उघडण्याआधीचा रविवार. आठवणी ताज्या असतात. दुसरी, शिक्षक दिनाच्या, म्हणजे ५ सप्टेंबरच्या जवळचा रविवार. मुलांच्या मनात तो विषय आधीच असतो. १२ ऑगस्टचा आंतरराष्ट्रीय युवा दिनही चालेल, पण त्या आठवड्यात स्वातंत्र्यदिनाच्या तयारीमुळे मुलं हाती लागत नाहीत.

तारीख ठरली की ताई-दादांना कळवा. अचानक आनंदाचा धक्का द्यायच्या नादात आमची नर्स ताई त्या दिवशी ड्यूटीवर होती.

७. उपासनेतली सात-आठ मिनिटं

क्रम असा ठेवा. एक मूल सोळाव्या अध्यायातल्या दोन-तीन ओव्या वाचतं. मग तुम्ही एकेक नाव घेता आणि वहीतली एक ओळ वाचता, एकच. माणूस जागेवर उभा राहतो. सगळे उभे राहिले की पाळक त्यांच्यासाठी प्रार्थना करतात, मुलं त्यांच्याभोवती येऊन हात ठेवतात. बस. पाकिटं उपासना संपल्यावर, चहाच्या वेळी, मुलांच्याच हातून.

त्यांच्या घरच्यांनाही उभं करा. दर शनिवारी संध्याकाळी जो नवरा एकटा मुलांना सांभाळतो, जी आई रात्री साडेदहापर्यंत दाराकडे डोळे लावून बसते, त्यांनीही काही दिलेलं असतं. आमच्या एका दादाचे वडील चर्चला फारसे येत नसत, मुलाचं हे "चर्चचं खूळ" त्यांना पसंत नव्हतं. त्यांना मुद्दाम घरी जाऊन बोलावलं. मुलाच्या नावापुढे वाचलेली ओळ त्यांनी ऐकली. घरातली कुरबुर त्यानंतर बरीच कमी झाली, असं दादाच सांगतो.

काय टाळायचं तेही सांगते. बाहेरचा पाहुणा बोलावू नका, त्याचंच स्वागत आणि आभार लांबतात. नावं पदानुसार वाचू नका, आडनावाच्या अक्षरानुसार वाचा. सेवेची वर्षं मोजून मोठ्याने सांगू नका, नव्याला उगाच खुजं वाटतं. शाल द्यायची पद्धत असेल तर द्या, पण सगळ्यांना सारखी. श्रीफळाबद्दल मात्र आधी विचारा, काही ज्येष्ठांना ते चर्चमध्ये खटकतं आणि भलत्याच गोष्टीची चर्चा होऊन बसते. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट "साक्ष" म्हणून व्यासपीठावरून कधीच येऊ देऊ नका, त्या मुलाने स्वतः हो म्हटलं तरी. सोळाव्या वर्षी दिलेला होकार अठराव्या वर्षी टोचतो.

८. भेटवस्तू

यावर फार डोकं खपवू नका. कप, किचेन, काचेचं स्मृतिचिन्ह घरात ठेवायला जागा नसते. बायबल प्रत्येकाकडे तीन-चार आहेत. प्रशिक्षण शिबिराची फी भरा, किंवा त्यांच्या स्वतःच्या मुलाची शिबिराची फी माफ करा. कुटुंबासह घरी जेवायला बोलावलं तर त्याहूनही उत्तम. त्या जेवणात तरुण संघाच्या कामाचा विषय काढू नका.

९. कौतुक करताना मुलांची सुरक्षितता सुटू देऊ नका

अवघड विषय आहे, पण नव्या माणसाला हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं. ज्याचं आपण फार कौतुक करतो त्याला प्रश्न विचारणं आपल्याला जड जातं. मूल तक्रार घेऊन आलं की पहिलं वाक्य तोंडून निघतं, "ते दादा? छे, ते असे नाहीत." म्हणून नियम सगळ्यांना सारखे, सत्कार झालेल्यालाही. एका मोठ्याने एका मुलाला बंद खोलीत भेटायचं नाही. मुलांना रात्री खासगी मेसेज नाहीत, जे बोलायचं ते पालक असलेल्या ग्रुपवर. मुलांना महागड्या वैयक्तिक भेटी नाहीत. मुलींच्या मुक्कामी शिबिरात दोन ताया असल्याच पाहिजेत.

अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मंडळीत मिटवण्याची ती गोष्ट नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. हा नंबर तरुण संघाच्या खोलीत भिंतीवर लावा.

चांगले ताई-दादा या नियमांवर रुसत नाहीत. आमच्याकडे तर त्यांनीच सांगितलं की यामुळे आम्हालाही निर्धास्त वाटतं.

१०. वर्षातले उरलेले दिवस

व्हॉट्सॲप ग्रुपवर "सर्वांचे मनःपूर्वक आभार" टाकून थांबू नका. सगळ्यांना म्हणजे कोणालाच नाही, असं वाचणाऱ्याला वाटतं. शिबिराहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी एकेकाला फोन करा, दोन मिनिटं, एकच नेमकी गोष्ट सांगा.

वर्षातून एक महिना प्रत्येकाला सुट्टी द्या, आणि त्या महिन्यासाठी बदली माणूस तुम्ही शोधा. "सुट्टी घे, पण तुझ्या जागी कोणी बघ" ही सुट्टी नव्हे. कॉलेजात शिकणाऱ्या दादाला त्याच्या परीक्षेच्या दीड महिना आधी मोकळं करा. नवं काम देण्यापूर्वी जुनं कोणतं काढून घेता येईल ते विचारा. चांगलं काम करणाऱ्याला बक्षीस म्हणून आणखी काम मिळतं, ही आपल्या मंडळ्यांची फार जुनी खोड आहे.

त्यांच्या घरी लग्न, आजारपण, मयत असेल तेव्हा तरुण संघाची मुलं घेऊन जा. मुलांना सांत्वनाला कसं जायचं तेही कळतं.

ज्याला पुढे यायचंच नाही त्याला ओढू नका. आमचे ओट्यावरचे आजोबा उभे राहायला तयार नव्हते. मुलं एका संध्याकाळी त्यांच्याकडे गेली, पत्रं दिली, चहा प्याली आणि परत आली.

११. सोडून जाणाऱ्यांना निरोप द्या, आणि राहून गेलेल्यांकडे जा

बदली, लग्न, थकवा, कुठल्याही कारणाने कोणी थांबत असेल तर "इतक्यात कशाला" म्हणून अडवू नका. शेवटचा शनिवार ठरवा, मुलांना सांगा, प्रार्थना करा, त्याची जागा घेणाऱ्याशी भेट घालून द्या. निरोप न देता कोणी गेलं की मुलांना वाटतं, आपल्यामुळे गेले.

आणि कार्यक्रम झाल्यावर त्याच रात्री यादी पुन्हा काढा. कोणी राहिलं का? राहिलं असेल तर दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरी जा. पुढच्या वर्षी घेऊ म्हणू नका, सबबी सांगू नका, चूक झाली म्हणा आणि त्यांनी काय केलं ते त्यांना सांगा.

मला त्या ताईकडे जायला दीड वर्ष लागलं. जाताना तिच्या जुन्या मुलींकडून सात पत्रं घेतली होती. येणं बंद केलेल्या दोघींचीही त्यात होती, त्यांची घरं शोधत गेले होते. ताईने दार उघडलं, सासूबाईंना औषध द्यायची वेळ झाली होती, मला बसायला सांगून आत गेली. बाहेर आल्यावर मी माफी मागितली. ती काही बोलली नाही. एकेक पाकीट उघडून वाचलं, पुन्हा घडी घातली. सातव्या पत्राशी थांबली आणि म्हणाली, "हिची बारावी झाली ना? किती पडले?"